परीक्षेच्या बाकावरचा कोश
(कै. वामन शिवराम आपटे यांचे चरित्र)

थोर माणसांची चरित्रे वाचावीत, असे शाळेपासून आपण ऐकत आलो आहोत. मी ती फारशी वाचली नव्हती. आमच्या घरात पुस्तक म्हणजे शाळेचे क्रमिक पुस्तक आणि भिंतीवरची दिनदर्शिका. आबा गवंडीकाम करतात, आई रोजगाराने शेतात जाते. कॉलेजची पायरी चढलेली आमच्या घरातली मी पहिलीच. त्यामुळे कै. वामन शिवराम आपटे हे नाव मला कुणी व्याख्यानातून सांगितले नाही. एका जुन्या, पुठ्ठा सुटलेल्या पुस्तकावर ते मी प्रथम वाचले, आणि त्याच पुस्तकापायी मी परीक्षेच्या वर्गाबाहेर उभी राहिले.

दहावीला मी संस्कृत घेतले होते. सराव परीक्षेच्या वेळी आमच्या संस्कृतच्या बाईंनी एक प्रयोग करायचे ठरवले. न शिकवलेला एक उतारा द्यायचा, त्याचे मराठी भाषांतर करायला सांगायचे आणि त्या एका प्रश्नापुरता शब्दकोश जवळ ठेवू द्यायचा. बोर्डाच्या परीक्षेत कोश चालत नाही, हे त्यांनी आधीच बजावले होते. मुलांना कोश उघडायची सवय लागावी, एवढाच त्यांचा हेतू होता. त्यांनी फळ्यावर चार नियम लिहिले. कोशात हाताने काही लिहिलेले नसावे. आत चिठ्ठी, कागद नसावा. दुसऱ्याचा कोश मागू नये. कोश बाकावर सर्वांना दिसेल असा ठेवावा.

माझ्याजवळ कोश कुठला असणार? आमच्या गल्लीतल्या एका ताईने पूर्वी संस्कृत घेतले होते. तिने आपला जुना कोश मला दिला. आपट्यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशाची ती विद्यार्थ्यांसाठी काढलेली लहान आवृत्ती होती. मी तो आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवला आणि परीक्षेच्या दिवशी तसाच घेऊन गेले. आधी एकदाही उघडून पाहिला नाही, ही माझी पहिली चूक. पर्यवेक्षण करणाऱ्या सरांनी कोश हातात घेऊन पाने चाळली, तर प्रत्येक पानाच्या कडेला पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेले! मी काही बोलण्याआधीच कोश काढून घेतला गेला आणि मला वर्गाबाहेर उभे करण्यात आले. दुसऱ्या दिवशी आबांना शाळेत बोलावले. त्यांचा एक दिवसाचा पगार बुडाला. मुलीने नक्कल केली म्हणजे नेमके काय केले, हे त्यांना कळत नव्हते आणि मला सांगता येत नव्हते. संस्कृत सोडून द्यावे, असे मला त्या दिवशी मनापासून वाटले.

बाईंनी मात्र सारे शांतपणे ऐकून घेतले. त्यांनी माझा राहिलेला पेपर पुन्हा घेतला, कोशाशिवाय. आणि मला एक काम लावून दिले. कोशातले पेन्सिलीचे अक्षर न् अक्षर रबराने खोडून काढायचे. तीन दुपारी मी ते काम करत बसले. कोशातला शब्द, त्याचा छापलेला अर्थ आणि शेजारी लिहिलेला मराठी अर्थ, तिन्ही नजरेखालून जाऊ लागले. तेव्हा ध्यानात आले की पेन्सिलीतले बरेच अर्थ चुकीचे आहेत. ‘राग’ या शब्दापुढे संताप असे लिहिलेले होते. छापलेल्या इंग्रजी अर्थात रंग होता, लाली होती, प्रेम होते, आसक्ती होती. ‘चेष्टा’ या शब्दापुढे मस्करी असे लिहिलेले. कोशात हालचाल, प्रयत्न. आणि ‘शिक्षा’ या शब्दापाशी तर माझा हात थांबलाच. पेन्सिलीत दंड. कोशात मात्र शिकणे, शिकवणे, विद्या. परीक्षेतल्या उताऱ्यात गुरूच्या घरी राहणाऱ्या शिष्याच्या शिक्षेविषयी एक वाक्य होते, आणि मी त्या बिचाऱ्या शिष्याला दंड करून मोकळी झाले होते.

कोश जवळ असता तरी मी तो शब्द पाहिला असता का? प्रामाणिकपणे सांगायचे तर नाही. ‘शिक्षा’ हा शब्द मला येतो, अशी माझी खात्री होती. न येणारे शब्द तर सगळेच पाहतात. येतात असे वाटणारे शब्द पाहावे लागतात, हे मला त्या दिवशी कळले. मग हा कोश करणारे गृहस्थ कोण, हे जाणून घ्यावेसे वाटू लागले. कॉलेजात आल्यावर ग्रंथालयात त्यांच्याविषयी जे वाचायला मिळाले, ते येथे सांगते.

वामन शिवराम आपटे यांचा जन्म १८५८ साली, त्या वेळच्या सावंतवाडी संस्थानात, बांद्याकडील एका लहान गावी झाला. लहानपणीच वडील वारले. आई दोन मुलांना घेऊन कोल्हापूरला आली. पण दैवाला तेवढ्याने समाधान नव्हते. थोड्याच वर्षांत आईही गेली आणि थोरला भाऊही गेला. परक्या गावात हा मुलगा एकटा उरला. आमच्या जिल्ह्याच्या गावी, ज्या रस्त्यांवरून आम्ही एस.टी.तून उतरून जातो, त्याच रस्त्यांवर कधीकाळी हा पोरका मुलगा शाळेला जात होता, हे वाचून मला भरून आले.

कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलचे मुख्याध्यापक तेव्हा महादेव मोरेश्वर कुंटे होते. मराठीत ‘राजा शिवाजी’ हे काव्य लिहिणारे ते हेच कुंटे. त्यांनी या मुलाची बुद्धी ओळखली आणि त्याला आधार दिला. गरीब मुलाच्या आयुष्यात एक जाणता शिक्षक आला की काय होते, याचे हे उदाहरण आहे. १८७३ साली आपटे मॅट्रिक झाले. मॅट्रिकची परीक्षा त्या काळी मुंबई विद्यापीठ घेत असे. तीत संस्कृतमधल्या प्रावीण्यासाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. या शिष्यवृत्तीचे स्वप्न पुढे महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी पाहिले. आपट्यांच्या दृष्टीने ती शोभेची गोष्ट नव्हती. तिच्यामुळेच पुढची वाट मोकळी झाली.

पुढे ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. तेथे डॉ. कीलहॉर्न हे जर्मन पंडित संस्कृत शिकवत होते. पाणिनीच्या व्याकरणात आणि पतंजलीच्या महाभाष्यात मुरलेला हा विद्वान. त्यांच्या हाताखाली शिकून आपटे १८७७ मध्ये बी.ए. झाले आणि भाऊ दाजी पारितोषिकाचे मानकरी ठरले. तेव्हा त्यांचे वय माझ्या आजच्या वयाएवढे, एकोणीसच्या आसपास होते. १८७९ मध्ये ते एम.ए. झाले. तेथेही भगवानदास शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली.

त्या काळात एम.ए. झालेल्या माणसाला सरकारी नोकरी दारात येत असे. ज्याने पोरकेपण आणि गरिबी सोसली, त्याने ती पत्करली असती तर कुणी नावे ठेवली नसती. पण १८८० च्या जानेवारीत पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि त्यांचे सहकारी यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले, आणि आपटे त्यांना जाऊन मिळाले. पुढे गोपाळ गणेश आगरकरही आले. तुटपुंज्या पगारावर शिकवायचे, पण शिक्षण आपल्या लोकांच्या हाती ठेवायचे, असा या तरुणांचा निर्धार होता. शाळेच्या व्यवस्थेची जबाबदारी आपट्यांकडे आली. १८८२ हे वर्ष शाळेला फार कठीण गेले. मार्च महिन्यात चिपळूणकर वारले आणि त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांना १०१ दिवसांचा तुरुंगवास झाला. शाळा चालवण्याचा भार मागे राहिलेल्यांवर पडला. त्यांत आपटे होते. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज निघाले आणि आपटे त्याचे पहिले प्राचार्य झाले. त्या वेळी त्यांनी तिशीही गाठली नव्हती.

टिळक-आगरकरांची नावे आपण पाठ्यपुस्तकांत वाचतो. आपट्यांचे नाव त्यांच्या रांगेत असूनही मागे पडते. त्यांनी वृत्तपत्र गाजवले नाही, तुरुंगवास भोगला नाही. त्यांनी शिकवले, आणि शिकवताना विद्यार्थ्याला जे अडले त्याची पुस्तके केली. १८८१ मध्ये, तेविसाव्या वर्षी, त्यांचे संस्कृत रचनेचे मार्गदर्शक पुस्तक निघाले. विभक्ती कुठे कोणती लावायची, वाक्य कसे जुळवायचे, हे त्यात पाठांवारी समजावले आहे. आमच्या कॉलेजच्या कपाटात त्याची प्रत आहे आणि ती अजून बाहेर जाते. १८८४ मध्ये त्यांचा इंग्रजी-संस्कृत कोश आला. आणि १८९० मध्ये त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो म्हणजे व्यवहारोपयोगी असा संस्कृत-इंग्रजी कोश. त्याच्याच जोडीने विद्यार्थ्यांसाठी लहान कोशही निघाला.

त्या वेळी कोश नव्हते असे नाही. जर्मन पंडितांचा सात खंडांचा महाकोश सेंट पीटर्सबर्ग येथे छापून झाला होता, पण तो जर्मन भाषेत. मोनियर विल्यम्स यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८७२ मध्ये निघाला होता. बंगालमध्ये तारानाथ तर्कवाचस्पतींचा ‘वाचस्पत्यम्’ हा प्रचंड कोश तयार झाला होता, तो सारा संस्कृतातच. हे ग्रंथ पंडितांच्या बैठकीत शोभणारे. हायस्कुलातल्या किंवा कॉलेजातल्या मुलाने ते विकत कसे घ्यावेत आणि वाचावेत कसे? आपट्यांनी या थोर कोशांचा आधार घेतला, पण नजर ठेवली ती समोर बसलेल्या मुलावर. त्याला वेद वाचायचे नाहीत, त्याला रघुवंश, शाकुंतल, मेघदूत, कादंबरी वाचायची आहे, हे ओळखून त्यांनी वैदिक शब्दांपेक्षा पुढच्या काळातल्या वाङ्मयावर भर दिला. एका शब्दाचे अर्थ वेगवेगळे पाडून त्यांना क्रमांक दिले. कोणता अर्थ कोणत्या कवीने कुठे वापरला, ते उदाहरणासह दाखवले. शेवटी वृत्तांची माहिती, ग्रंथकारांची माहिती आणि प्राचीन भूगोलातली नावे यांची परिशिष्टे जोडली. मुलाला दुसरे पुस्तक शोधायला धावावे लागू नये, अशी ही योजना होती.

तरीही हा कोश आळशी माणसाला मदत करत नाही, हे मी स्वानुभवाने सांगते. पहिल्यांदा मी ‘ज्ञान’ शब्द शोधायला निघाले, तो थेट शेवटच्या पानांवर. आपल्या मुळाक्षरांत क्ष आणि ज्ञ अगदी शेवटी असतात ना! पण क्ष म्हणजे क् आणि ष्, ज्ञ म्हणजे ज् आणि ञ्. म्हणून ‘क्षमा’ क मध्ये सापडते आणि ‘ज्ञान’ ज मध्ये. नंतर ‘इत्युक्त्वा’ शोधू लागले. इ मध्ये नाही, उ मध्येही नाही. आधी संधी सोडवायचा, इति आणि उक्त्वा असे दोन शब्द करायचे, मग उक्त्वा हे ‘वच्’ या धातूपासून झाले आहे हे आठवायचे, तेव्हा कुठे व या अक्षराचे पान उघडायचे. ‘आजगाम’ हवे असेल तर ‘गम्’ पाहायचे आणि त्याखाली ‘आ’ हा उपसर्ग शोधायचा. ज्याला संधी येत नाही, धातू ओळखता येत नाही, त्याच्या हातात परीक्षेच्या वेळी कोश दिला काय आणि न दिला काय, सारखेच.

शब्द सापडला तरी काम संपत नाही. ‘कर’ म्हणजे हात, किरण, सरकारचा कर आणि हत्तीची सोंडही. श्लोक सूर्याचा आहे, राजाचा आहे की हत्तीचा आहे, ते वाचणाऱ्याने ठरवायचे. ‘मित्र’ शब्द नपुंसकलिंगी असेल तर सखा, पुल्लिंगी असेल तर सूर्य. शब्दापुढे लिंग दाखवणारे एवढेसे अक्षर असते. ते आपण वाचत नाही आणि मग सूर्याला स्नेही करून ठेवतो. शिवाय आम्हा खेड्यातल्या मुलांची आणखी एक अडचण असते. कोशातले अर्थ इंग्रजीत, आणि इंग्रजीही आम्हाला कोश पाहूनच कळणार. सुरुवातीला मी दोन कोश मांडीवर घेऊन बसत असे. एका शब्दाला दहा मिनिटे लागत. पण त्या दहा मिनिटांत शोधलेला शब्द पुन्हा शोधावा लागत नसे, हा त्यातला नफा.

आता माझ्या लक्षात येते की बाईंचे चार नियम किती विचाराने केलेले होते. कोरा कोश सर्वांना सारखाच. त्यात लिहिलेले असले की तो कोश राहत नाही, ती नक्कल होते, आणि माझ्या बाबतीत तर चुकलेली नक्कल. त्या नियमाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती एवढीच की नियम लावण्याआधी कोश कसा वापरायचा हे मुलांना शिकवायला हवे होते, आणि कोश परीक्षेच्या आदल्या दिवशी तपासून घ्यायला हवा होता. ज्यांच्या घरी कोश असतो त्यांना हे आपोआप कळते. आमच्यासारख्यांना कोण सांगणार? आज मोबाईलवर बोट लावले की अर्थ समोर येतो. पण मोबाईल परीक्षेच्या खोलीत नेता येत नाही, आणि इतक्या सहज आलेला अर्थ डोक्यात किती काळ टिकतो, हा प्रश्न आहेच.

कोशात शब्द पाहायलाही काही नियम हवेत, असे मला वाटते. ते मी माझ्यापुरते ठरवले आहेत. उतारा आधी कोश न उघडता दोनदा वाचावा. ज्या शब्दावाचून वाक्याचा अर्थ अडतो तेवढेच शब्द पाहावेत. मराठीत ओळखीचा वाटणारा शब्द वाक्यात नीट बसत नसेल तर तो सर्वांत आधी पाहावा. पहिला अर्थ उचलून पुढे पळू नये, खालचे अर्थ आणि उदाहरणे वाचावीत. आणि संक्षेपांची यादी घरीच वाचून ठेवावी, परीक्षेत ती वाचायला वेळ नसतो. आबांना हे समजावताना मी दमले, पण त्यांना ते पटकन समजले. ओळंबा भिंत बांधत नाही, भिंत गवंड्यालाच बांधावी लागते, असे ते म्हणाले. आणि ओळंबा न धरता बांधलेली भिंत वाकडी जाते, हेही त्यांनीच पुढे जोडले. मी नक्कल केली नव्हती, हे त्यांना त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळले असावे. शाळेत बोलावल्याचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही.

पुन्हा आपट्यांकडे वळते. ज्या सुमारास त्यांचा मोठा कोश बाहेर पडला, त्याच सुमारास सोसायटीत मतभेद वाढून टिळक बाहेर पडले. आजीव सदस्यांनी संस्थेबाहेरचे काम करून अर्थप्राप्ती करावी की नाही, हाही त्या वादातला एक मुद्दा होता. कोणाची बाजू किती खरी, हे ठरवण्याइतकी माझी योग्यता नाही. एवढे मात्र दिसते की शाळा, कॉलेज, प्राचार्यपदाचा व्याप आणि हे वाद, या साऱ्यांतून वेळ काढून या माणसाने हजारो शब्द एकेक करून तपासले. कोश प्रसिद्ध झाल्यावर दोनच वर्षांनी, ९ ऑगस्ट १८९२ रोजी, त्यांचे निधन झाले. वयाची पस्तिशीही त्यांनी पाहिली नाही. त्यांच्या मागून आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले.

कोश मात्र थांबला नाही. १९५७ पासून प. कृ. गोडे आणि चिं. ग. कर्वे यांच्या संपादनाखाली त्याची वाढवलेली आवृत्ती पुण्यात तीन खंडांत निघाली. मूळ कोशाचे आणि विद्यार्थ्यांच्या आवृत्तीचे पुन्हा पुन्हा मुद्रण होत आले आहे. आमच्या गल्लीतल्या ताईच्या हातून माझ्या हाती आला, तो त्यातलाच एक.

पोरक्या मुलाला एका शिक्षकाने हात दिला, शिष्यवृत्तीने वाट दिली, आणि त्याने ती वाट मागून येणाऱ्यांसाठी रुंद करून ठेवली. मला या चरित्रातले हेच सर्वांत मोठे वाटते. स्वतः परीक्षांमध्ये पहिला येणारा माणूस, परीक्षेत अडखळणाऱ्या मुलांचा विचार करत राहिला.

तो कोश मी ताईला परत दिला तेव्हा त्याची पाने पुन्हा कोरी झाली होती. या वर्षी तिची धाकटी बहीण नववीत संस्कृत घेते आहे. मी तिला कोशातले अर्थ सांगत नाही. ‘ज्ञान’ हा शब्द कुठे सापडतो, ते शोधून काढ, एवढेच तिला सांगितले आहे. परवा ती शेवटची पाने चाळत बसलेली दिसली. मी काही बोलले नाही.